सरड्याचा हिवाळी विसावा

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरातले एक घर. घरात काचेची मोठी पेटी आणि पेटीत हातभर लांबीचा एक सरडा. मे महिन्याचे शेवटचे दिवस आहेत. मे म्हणजे आपल्याकडे कडक उन्हाळा. पण विषुववृत्ताच्या दक्षिणेस ऋतू उलटे असल्याने तेथे हिवाळा दाराशी आलेला असतो. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत किडे मटकावणारा हा सरडा आता अन्नाकडे पाहतसुद्धा नाही. पेटीच्या थंड कोपऱ्यात, लाकडाच्या ढोलीत शिरून तो डोळे मिटून निपचित पडतो. हात लावला तर एखादा पाय हळूच हलवतो आणि पुन्हा स्तब्ध होतो.

तुम्ही काय कराल? त्याला बळेच भरवाल? उबदार शालीत गुंडाळून ठेवाल? की दगावला असे समजून बागेत खड्डा खणाल? हे तिन्ही विचार मनात येणे स्वाभाविक आहे, पण तिन्ही चुकीचे आहेत. ते का, हे समजण्यासाठी प्राणिशास्त्राइतकेच थोडे पदार्थविज्ञानही लागते.

दाढीवाला सरडा

या सरड्याचे शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट आल याने १९२६ साली त्याचे प्रथम वर्णन केले. इंग्रजीत त्याला 'बिअर्डेड ड्रॅगन' म्हणतात, कारण रागावला किंवा घाबरला की तो गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो आणि ती काळी पडते; जणू दाढीच फुटली! आपल्या कुंपणावर मान हलवत बसणारा सरडा आणि हा दाढीवाला एकाच कुळातले आहेत.

त्याचे मूळ घर म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मध्य आणि पूर्व भागातील कोरडा प्रदेश. या प्रदेशातील अॅलिस स्प्रिंग्ज गावी जानेवारीत दुपारचे सरासरी तापमान ३६ अंश सेल्सियसच्या आसपास असते, तर जुलैत पहाटेचा पारा सरासरी ४ अंशांपर्यंत उतरतो. अशा हवामानात हा प्राणी घडला. स्वभावाने तो शांत असल्यामुळे ऑस्ट्रेलियात, युरोपात आणि अमेरिकेत तो घरोघरी पाळला जातो. ऑस्ट्रेलियातील अनेक राज्यांत त्यासाठी सरकारी परवाना लागतो.

शाल खरोखर ऊब देते का?

थंडीत आपण शाल पांघरतो आणि 'शालीची ऊब' असे म्हणतो. पण शालीत विस्तव नसतो. विस्तव आपल्या शरीरात असतो. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर टाकत असतो. शाल फक्त ती उष्णता बाहेर निसटू देत नाही.

सरड्याच्या शरीरात हा विस्तव फारच मंद असतो. त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने तो साधारण दशांश ऊर्जेवर जगतो. त्यामुळे शालीत गुंडाळलेला सरडा गरम होत नाही. उलट बाहेरची उष्णताही त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचते. बर्फवाला बर्फाची लादी गोणपाटात का गुंडाळतो, ते आठवा. गोणपाट बर्फाला ऊब देत नाही, तर बाहेरची ऊब आत जाऊ देत नाही. थंड सरड्याची शाल हेच काम करते.

सरड्याला उष्णता बाहेरून मिळवावी लागते. म्हणून काही तो परिस्थितीचा निव्वळ गुलाम नसतो. अमेरिकेतील रेमंड कोल्स आणि चार्ल्स बोगर्ट या शास्त्रज्ञांनी वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध केला. ऊन आणि सावली यांत ये-जा करून हे प्राणी आपले तापमान ठरावीक मर्यादेत राखतात, असे त्यांना आढळले. दाढीवाला सरडाही हेच करतो. सकाळी तो अंग चपटे करून उन्हाकडे पाठ करतो आणि पाठीचा रंग गडद करतो, म्हणजे अधिक प्रारण शोषले जाते. अंग जास्त तापले की तोंड उघडून बसतो. तोंडातील ओलाव्याचे बाष्पीभवन होताना उष्णता खर्च होते आणि तो थंडावतो. माठातले पाणी गार होते त्याच तत्त्वाने! अशा रीतीने दिवसा तो आपले शरीर ३५ अंशांच्या आसपास ठेवतो.

नव्या घरी रुळताना

आता पेटीत काय हवे, ते तुम्हीच सांगू शकाल. पेटीत एकच तापमान असून चालणार नाही. एका टोकाला दिव्याखाली ४० अंशांच्या आसपास तापलेला दगड किंवा ओंडका हवा, दुसऱ्या टोकाला २५ अंशांच्या आसपास गारवा हवा, आणि मधे चालायला जागा हवी. पूर्ण वाढलेल्या सरड्यासाठी पेटी निदान १२० सेंटिमीटर लांब असावी. कोठे आणि किती वेळ बसायचे, हे सरडाच ठरवील. तापमान हाताने अजमावू नये. दोन्ही टोकांना तापमापक ठेवावा.

दुसरी गरज अतिनील किरणांची. साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण कातडीवर पडले की शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळे अन्नातील कॅल्शियम हाडांना मिळते. ते न मिळाल्यास सरड्याची हाडे मऊ पडतात, जबडा वाकतो. मुलांना मुडदूस होतो तसेच हे. येथे एक फसगत होते. बंद खिडकीतून येणारे ऊन आपल्याला पुरेसे वाटते, पण खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. उजेड येतो, ऊब येते, जीवनसत्त्व मात्र येत नाही. म्हणून खास अतिनील दिवा लावतात. हा दिवा जुना झाला तरी उजेड देतच राहतो, पण त्यातील अतिनील किरण कमी होत जातात. तो दिसायला चांगला असला तरी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावा लागतो.

तिसरी गरज एकांताची. नवीन जागा, नवे वास, सतत डोकावणारे चेहरे यांमुळे सरडा बावरतो, खाणे सोडतो. पहिला आठवडाभर त्याला उचलू नये. लपायला ढोली द्यावी, पेटीच्या तीन बाजू कागदाने झाकाव्यात. आणल्या दिवशीच त्याचे वजन करून वहीत लिहावे आणि पशुवैद्याकडून विष्ठेची तपासणी करून पोटात जंत नाहीत ना, हे पाहावे. या वजनाच्या नोंदीचा उपयोग पुढे हिवाळ्यात होतो.

जमा आणि खर्च

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शरीरातील रासायनिक क्रिया विकरांच्या साहाय्याने चालतात आणि त्यांचा वेग तापमानावर अवलंबून असतो. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी उतरले की वेग निम्मा ते एकतृतीयांश होतो. म्हणजे सरडा ३५ अंशांवरून १५ अंशांवर आला, तर हे दोनदा घडते आणि वेग एकचतुर्थांश ते एकनवमांश उरतो.

याचे दोन परिणाम होतात. पहिला परिणाम पचनावर. जे अन्न उन्हात बसून एका दिवसात पचले असते, त्याला या हिशेबाने चार ते नऊ दिवस लागतील. प्रत्यक्षात तेवढ्या अवधीत ते पोटातच कुजू लागते. म्हणून थंड सरड्याला बळेच भरवणे त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याने खाणे सोडले, यात शहाणपणच आहे.

दुसरा परिणाम खर्चावर. अंगातील चरबी जाळण्याचा वेगही तेवढाच मंदावतो. त्यामुळे उन्हाळ्यात साठवलेल्या थोड्याशा चरबीवर सरडा कित्येक आठवडे काढू शकतो. जमा बंद, पण खर्चही जवळजवळ बंद!

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सर्वांत घातक असते ती अर्धवट ऊब. समजा, दया येऊन तुम्ही पेटी दिवसरात्र २५ अंशांवर ठेवली. आता पचनासाठी लागणारी ऊब तर सरड्याला मिळत नाही, पण खर्च मात्र १५ अंशांच्या मानाने दुप्पट-तिप्पट होतो. जी शिदोरी १२ आठवडे पुरली असती, ती ४ ते ६ आठवड्यांत संपते. म्हणून सरड्याला एकतर पूर्ण ऊब द्यावी, नाहीतर पूर्ण विसावा द्यावा.

ही झोप आहे का?

सस्तन प्राण्यांपैकी काही शीतनिद्रा घेतात. त्यांच्या शरीरात तापनियंत्रक असतो. ते तो खाली उतरवतात आणि जागे होताना स्वतःची चरबी जाळून पुन्हा गरम होतात. सरड्याला हे जमत नाही. तो बाहेरच्या उबेची वाट पाहतो. मध्येच एखाद्या उबदार दिवशी जागा होऊन पाणी पितो आणि पुन्हा पडून राहतो. हा फरक दाखवण्यासाठी विल्बर मेह्यू या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९६५ साली 'ब्रुमेशन' हा शब्द वापरात आणला. लॅटिन भाषेत 'ब्रुमा' म्हणजे हिवाळा. आपण त्याला हिवाळी विसावा म्हणू.

रोजची झोप मात्र सरड्यालाही असते. जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या माक्स प्लांक मेंदू संशोधन संस्थेत जिल लॉराँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दाढीवाल्या सरड्याच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी मोजल्या. आपल्या झोपेत जशा दोन अवस्था आलटून पालटून येतात, तशा त्याच्याही झोपेत येतात, असे त्यांनी २०१६ साली दाखवले. आपल्या झोपेचे एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचे असते, त्याचे अवघे ८० सेकंदांच्या आसपास!

विसाव्याची तयारी

प्रत्येक पाळीव सरडा विसावा घेतोच असे नाही आणि त्याच्यावर तो लादूही नये. एक वर्षाखालचा, आजारी, हडकुळा किंवा नुकताच आणलेला सरडा विसाव्याला जाऊ लागला, तर आधी पशुवैद्याला दाखवावे. धडधाकट, मोठा सरडा आपणहून मंदावू लागला, तर पुढील क्रम पाळतात.

प्रथम अन्न बंद करावे, पण दिवे एकदम बंद करू नयेत. एक-दोन आठवडे पूर्ण ऊब देऊन पोट रिकामे होऊ द्यावे. त्यानंतर दिव्यांचा वेळ आणि ऊब हळूहळू कमी करत न्यावी. शेवटी पेटी अंधारी, शांत आणि साधारण १६ ते २० अंशांवर स्थिर असावी. रानात हे स्थैर्य जमीन देते. माती उष्णतेची मंदवाहक असल्याने दिवसरात्रीचा चढउतार खोलवर पोहोचत नाही. अर्धा मीटर खाली तो जवळजवळ जाणवतच नाही. म्हणूनच बीळ हे सुरक्षित घर ठरते.

विसाव्यात पिण्याचे पाणी जवळ असावे आणि आठवड्यातून एकदा वजन करावे. ४०० ग्रॅमच्या सरड्याचे वजन ४० ग्रॅमने, म्हणजे एकदशांशाने घटले, तर थांबू नये; पशुवैद्य गाठावा. डोळे खोल जाणे, नाकातोंडातून चिकट स्राव येणे, पातळ विष्ठा, थंड असतानाही तोंड उघडून श्वास घेणे ही आजाराची लक्षणे होत. विसावलेला सरडा अशक्त दिसत नाही. त्याचे अंग भरलेले असते, वजन जवळपास स्थिर राहते आणि स्पर्श केला की तो सावकाश का होईना, प्रतिसाद देतो.

काही आठवड्यांनी किंवा दोन-तीन महिन्यांनी तो आपणहून बाहेर येऊ लागतो. तेव्हा दिवे क्रमाने वाढवावेत. आधी पाणी द्यावे, मग पूर्ण ऊब मिळू द्यावी आणि शेवटी अन्न द्यावे. हा क्रम उलटवू नये.

आपल्या अंगणात

हे वाचून कोणी कुंपणावरचा सरडा पकडून पेटीत घालू नका. रानातला जीव रानातच चांगला. घोरपडीला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पूर्ण संरक्षण आहे. पण पाहण्याला बंदी नाही. डिसेंबर-जानेवारीत शाळेच्या कुंपणावर सरडा किती वाजता येतो, पाठ कोणत्या दिशेला करतो, सावलीत केव्हा जातो, हे दहा दिवस लिहून ठेवा. त्याच वेळी उन्हातल्या दगडाचे आणि सावलीतल्या हवेचे तापमान मोजा. नंतर हेच एप्रिलमध्ये करा. दोन्ही महिन्यांतील वेळा आणि तापमाने आलेखावर मांडलीत, तर सरडा घड्याळ पाहून बाहेर पडतो की तापमापक पाहून, याचे उत्तर तुम्हाला तुमच्याच वहीत सापडेल.