डोंगरातले मित्र, घरातले पाहुणे

प्रवासात ओळखी होतात. पत्त्यांची देवाणघेवाण होते, 'आलात पुण्याला तर नक्की घरी या' असे आपण तोंडभरून म्हणतो आणि गाडी हलली की विसरून जातो. समोरचाही विसरतो. कोणाची फसवणूक होत नाही, कारण दोघांनाही ते ठाऊक असते. पण एखाद्या वेळी समोरचा माणूस खरोखरच येतो आणि मग आपणही त्याच्या देशी, त्याच्या घरी जातो. तेव्हा कळते, की वाटेवरची मैत्री आणि घरातली मैत्री यांत मोठे अंतर आहे. ते अंतर कसे ओलांडायचे, हे मला फार उशिरा उमगले. त्याचीच ही हकिकत.

ऑगस्ट १९९८. पाठीवर सॅक टाकून मी मनालीहून लेहला निघालो होतो. तेव्हा रोहतांगच्या खिंडीखालून बोगदा नव्हता. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाला. बस रोहतांग चढून, केलाँगवरून सरचूला मुक्कामाला पोहोचली. सरचूची उंची चार हजार दोनशे मीटरच्या पुढे. मी खडकवासल्याचा माणूस, आठवड्याला सिंहगड चढणारा, म्हणून जरा गुर्मीतच होतो. रात्री डोके ठणकू लागले, उलट्या सुरू झाल्या, चालताना तोल जाऊ लागला. शेजारच्या तंबूत एक डच जोडपे होते. ती परिचारिका, तो शाळेत भूगोल शिकवणारा. तिने मला बॅटरीच्या उजेडात सरळ रेषेत चालायला लावले. मला जमले नाही. ती म्हणाली, "सकाळी पुढे जायचे नाही. खाली उतरायचे."

विरळ हवेचा त्रास ताकदीवर अवलंबून नसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. शरीराला सवय व्हायला दिवस लागतात आणि त्रास वाढू लागला तर खाली उतरणे हाच खरा उपाय. पण सरचूहून परत यायचे तर मध्ये बारालाचा ही आणखी उंच खिंड. ती झटपट ओलांडून केलाँगपर्यंत उतरणे भाग होते. त्या दोघांनी लेहची पुढची जागा सोडली, एका ट्रकवाल्याला गाठले आणि माझ्याबरोबर ते खाली आले. केलाँगला मी दोन दिवसांत हिंडूफिरू लागलो. ते दोन दिवस आम्ही राजमा-भात खात आणि आपापल्या गावांबद्दल बोलत काढले. निघताना मी म्हणालो, "आमच्या घरी या." आणि या वेळी मी ते मनापासून म्हणालो होतो.

आई आणि पाकीट

जानेवारी २००० मध्ये ते दोघे स्वारगेटहून बसने खडकवासल्याला उतरले. आईला सगळी हकिकत ठाऊक होती. 'माझ्या लेकाचा जीव वाचवला' एवढेच तिच्या डोक्यात. मग काय! पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही, तिसऱ्या दिवशी मावशीकडे जेवण, चौथ्या दिवशी आत्याकडे. ताटात जागा दिसली, की आई वाढायची. "घे रे, लाजू नकोस. अजून काहीच खाल्लं नाहीस." त्यांच्याकडे ताट रिकामे करणे हा सभ्यपणा. आमच्याकडे रिकामे ताट म्हणजे आणखी वाढा, अशी खूण. दोघेही आपापल्या परीने सभ्यपणेच वागत होते आणि बिचाऱ्याचे पोट मधल्यामध्ये सापडले होते.

तिला स्वयंपाकघरात मदत करायची होती. आई तिला पाटावरून उठू देईना. त्याला आपली ताटली विसळायची होती. आईने ती हातातून काढून घेतली. चौथ्या दिवशी ते गप्प गप्प झाले. मला वाटले, थकले असतील.

एक गोष्ट मात्र वेगळी घडली. धरणाच्या भिंतीजवळ उभा असताना त्याने विचारले, "हे कुठून फुटले होते?" आमच्याकडे पुण्याहून शेकडो पाहुणे येतात, चौपाटीवर भाजलेली कणसे खातात, पाण्याचे फोटो काढतात. हा प्रश्न कोणी विचारत नाही. मी त्याला सांगितले: १२ जुलै १९६१. वर आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधून होत आले होते, ते सकाळी फुटले. तो लोंढा खाली आला आणि १८७० च्या दशकात बांधून झालेले खडकवासल्याचे दगडी धरणही गेले. मुठेच्या काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

त्या रात्री त्याने आईला विचारले, "तुम्ही तेव्हा कुठे होता?" आईने एवढ्या वर्षांत आम्हाला दोन वाक्यांपलीकडे काही सांगितले नव्हते. त्या रात्री ती बोलली, मी इंग्रजीत सांगत गेलो. ती तेव्हा एकवीस वर्षांची, नवी नवरी, नारायण पेठेतल्या वाड्यात. अंगावरच्या लुगड्यानिशी सगळे बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी वाड्याच्या जागी चिखलाचा ढीग होता. सदाशिव पेठेतल्या एका अनोळखी कुटुंबाने सासरच्या सात माणसांना दीड महिना घरात ठेवून घेतले. "त्यांनी कधी हिशेब केला नाही," आई म्हणाली, "आणि आम्हालाही करू दिला नाही."

पाचव्या दिवशी ते गेले. उशीखाली पाकीट सापडले. आत पाचशेच्या चार नोटा आणि 'आभार' म्हणून दोन ओळी. आई ते हातात धरून बसून राहिली. "मी काय खानावळ चालवते?" एवढेच म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. मलाही राग आला. एवढे ऐकून घेतले आणि तरी पैसे ठेवून गेले! आईने ते पाकीट देव्हाऱ्याच्या खणात टाकले. मी पत्रे लिहीत राहिलो, पण त्यांतली ऊब गेली होती.

त्यांच्या घरी

२००८ च्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो. आई म्हणाली, "ते पाकीट परत देऊन ये." सोबत तिने शिवलेली गोधडी दिली.

अशा भेटीला निघणाऱ्यांसाठी कागदपत्रांचे थोडे सांगतो. युरोपातल्या शेंगेन देशांत ओळखीच्यांच्या घरी उतरायचे असेल, तर नुसते 'या' हे पत्र पुरत नाही. नेदरलँड्समध्ये यजमानाला एक ठराविक अर्ज भरून आपल्या नगरपालिकेकडून सही प्रमाणित करून घ्यावी लागते. आपल्याला किमान तीस हजार युरोंचा आजारपणाचा प्रवासी विमा लागतो. राहता येते ते १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. उलट, परदेशी पाहुणा आपल्या घरी उतरला, तर २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवणे ही यजमानाची जबाबदारी. हल्ली ते घरबसल्या इंटरनेटवरून होते. १९४६ चा जुना कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला, पण ही जबाबदारी गेलेली नाही.

त्यांचे घर झीलंड प्रांतात. तिथल्या प्रांतचिन्हावर पाण्यातून वर येणारा सिंह आहे आणि खाली लॅटिन वचन: झुंजतो आणि वर येतो. पहिल्याच संध्याकाळी त्याने मला आठवड्याचा कार्यक्रम लिहून दिला. जेवण सहा वाजता. कॉफीबरोबर एक बिस्किट. डबा लगेच बंद. दुपारी पाव आणि चीज. भूक लागली तर फ्रिज उघडून घ्यायचे, कोणी आग्रह करणार नाही. मी तीन दिवस अर्धपोटी राहिलो, कारण न विचारता फ्रिज उघडायचा कसा? एके दिवशी बाहेर जेवलो, तर बिल तिघांत वाटले गेले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आणखी एक धक्का: शौचालयाच्या भिंतीवर वाढदिवसांची यादी आणि तिच्यात माझ्या आईचे नाव! ही कसली थट्टा? नंतर कळले, की त्या देशात ती यादी तिथेच टांगायची पद्धत आहे. रोज नजरेस पडावी म्हणून. आईच्या वाढदिवसाला दर वर्षी कार्ड कसे येते, याचे कोडे तिथे सुटले. मी मात्र त्यांचे वाढदिवस कधी लिहूनही ठेवले नव्हते.

चौथ्या दिवशी तो मला ऑवरकेर्क गावातल्या पूर संग्रहालयात घेऊन गेला. ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी १९५३ च्या मधल्या रात्री वादळाने समुद्र बंधारे फोडून आत शिरला. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे गेली, सत्तर हजारांहून अधिक लोकांना घर सोडावे लागले. शेवटचे भगदाड बुजवायला नोव्हेंबर उजाडला. त्यासाठी काँक्रीटच्या प्रचंड पेट्या पाण्यात बसवल्या. त्यांतल्याच चार पेट्यांमध्ये आता ते संग्रहालय आहे. पुढे देशाने समुद्राची तोंडे बांधण्याची योजना हाती घेतली. ऑस्टरस्खेल्डे खाडीवर आधी बंद भिंतच घालणार होते, पण भरती-ओहोटी थांबली तर शिंपले आणि मासे मरतील, म्हणून मच्छीमार आणि निसर्गप्रेमींनी विरोध केला. मग ६२ पोलादी दरवाजांचा अडसर बांधला गेला. १९८६ मध्ये तो सुरू झाला. एरवी दरवाजे उघडे असतात, वादळात तेवढे बंद होतात.

एका छायाचित्रासमोर तो थांबला. छपरावर बसलेली माणसे. "माझी आई अशीच दोन रात्री छपरावर होती," तो म्हणाला. "मग एका अनोळखी शेतकऱ्याच्या घरी वर्षभर राहिली. फार चांगली माणसे. पण वर्षभर दुसऱ्याचा पाव खाल्ल्याचे तिला इतके लागले, की मरेपर्यंत ती कोणाच्या घरी रिकाम्या हाताने बसली नाही. आम्हाला तिने एकच शिकवले: कोणावर ओझे व्हायचे नाही."

मी खिशातून पाकीट काढले. ते पाहून तो चमकला. मी आईचे रडणे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "त्या रात्री तुझ्या आईचे ऐकल्यावरच आम्ही ते ठेवले. जिने सगळे गमावले, तिच्या घरात आम्ही पाच दिवस फुकट खाल्ले असे आम्हाला वाटले."

पाणी दोन्हीकडे आले होते. दोघीही अनोळखी माणसांच्या घरात जगल्या. माझ्या आईने त्यातून धडा घेतला, की हिशेब कधी करायचा नाही. त्याच्या आईने धडा घेतला, की हिशेब कधी बाकी ठेवायचा नाही. दोन्हींच्या मुळाशी कृतज्ञताच होती आणि आम्ही आठ वर्षे एकमेकांवर मनातून रुसलो होतो.

मग करायचे काय?

पाठीवर सॅक टाकून हिंडणाऱ्यांना परक्याच्या आसऱ्याची गरज पडतेच. जर्मनीत १९०९ मध्ये रिखार्ड शिरमान या शिक्षकाला सहलीच्या मुलांसाठी निवाऱ्याची कल्पना सुचली, त्यातून युथ होस्टेलची चळवळ उभी राहिली. १९४९ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या सर्वासने प्रवाशांना एकमेकांच्या घरी उतरण्याची सोय केली, ती शांततेचे काम म्हणून. आता हे सारे मोबाइलवर जमते. पण दार उघडल्यानंतर काय, हे मोबाइल सांगत नाही.

मी शिकलो ते थोडे आहे. किती दिवस राहणार, हे आधीच स्पष्ट विचारावे आणि सांगावे. त्यात अपमान नाही. 'एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई' असे आपले पूर्वजही म्हणत आणि पाहुणा व मासा तीन दिवसच ताजे, असे डच लोकही म्हणतात. सगळे नातेवाईक एकाच भेटीत दाखवू नयेत. पाहुण्याला थोडे एकटे सोडावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्याला काहीतरी करू द्यावे. परतफेड पैशाने नको असेल, तर हाताने करू द्यावी.

पाकीट त्याने परत घेतले नाही. "ते आता आईंचे," म्हणाला. घरी येऊन मी आईला सगळे सांगितले. तिने पाकीट पुन्हा त्याच खणात ठेवले, पण या वेळी हसत. गोधडी तिकडे त्यांच्या पलंगावर आहे. आई २०१४ मध्ये गेली. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशेच्या जुन्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा बँकेच्या रांगेत मी इतर नोटा बदलल्या. या चार नोटांची आठवण झाली तेव्हा मुदत टळून गेली होती.

जानेवारी २०२४ मध्ये त्यांची मुलगी हंपीहून फिरत फिरत पाठीवर सॅक घेऊन आली. खडकवासला तोवर महापालिकेत आले होते. बसमधून उतरून तिने गाव शोधले तर सापडेना. पहिल्याच जेवणानंतर ती ताटली उचलून मोरीकडे निघाली. माझी पत्नी उठू लागली, मी खुणेने थांबवले. दुसऱ्या दिवशी पत्नीने तिला भाकरी थापायला बसवले. तिसऱ्या दिवशी तिने आम्हा सर्वांना तिच्या आजीच्या पद्धतीची धिरडी करून घातली. चौथ्या दिवशी ती निघाली, तेव्हा कोणीच कोणाच्या ऋणात नव्हते किंवा सगळेच होते.

निघताना मी तिला पाकिटाची गोष्ट सांगून ते हातात दिले. तिने नोटा मोजल्या. दोन स्वतःच्या वहीत ठेवल्या आणि दोन देव्हाऱ्याच्या खणात परत ठेवल्या. उशीखाली मात्र तिने काही ठेवले नाही. मी पाहिले.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)