आकडा मोठा, काम किती?

घरात नवा कॉम्प्युटर घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'किती गिगाहर्ट्‌झचा?' आकडा मोठा म्हणजे मशीन वेगवान, असं आपण धरूनच चालतो. ही समजूत आपोआप तयार झालेली नाही. दोन कंपन्यांच्या चुरशीतून ती पक्की झाली आणि पुढे त्यांच्याच गळ्यात पडली.

इंटेलची स्थापना १९६८ची, एएमडीची १९६९ची. दोन्ही कंपन्या फेअरचाइल्ड या एकाच कंपनीतून बाहेर पडलेल्यांनी काढल्या. १९८१ साली आयबीएमने आपल्या पीसीसाठी इंटेलची चिप निवडली, पण एकाच पुरवठादारावर विसंबून राहायची तिची तयारी नव्हती. म्हणून १९८२च्या करारानं एएमडीलाही त्याच चिप बनवायचा हक्क मिळाला. '३८६'च्या वेळी मात्र इंटेलनं हात आखडता घेतला आणि प्रकरण कोर्टात गेलं. '३८६' हा नुसता आकडा आहे, तो कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही, असाही निकाल लागला. म्हणूनच १९९३ साली इंटेलनं पुढच्या चिपला आकड्याऐवजी नाव दिलं : पेंटियम.

पेंटियमच्या घडणीत मोठा वाटा असलेले विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. १९९५ साली ते इंटेल सोडून नेक्सजेन या लहान कंपनीत गेले. पुढच्याच वर्षी एएमडीनं ती कंपनी विकत घेतली आणि तिच्या आराखड्यातून १९९७ साली एएमडीची 'के६' चिप आली. म्हणजे पेंटियम घडवणारा माणूसच पेंटियमच्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे उभा राहिला!

त्यानंतर खरी शर्यत सुरू झाली. ६ मार्च २००० रोजी एएमडीनं एक गिगाहर्ट्‌झची ॲथलॉन जाहीर केली. दोनच दिवसांनी इंटेलनं आपली एक गिगाहर्ट्‌झची पेंटियम थ्री आणली. पुढे जाण्याच्या घाईत इंटेलनं त्याच उन्हाळ्यात १.१३ गिगाहर्ट्‌झची चिप बाजारात उतरवली. तिच्यात दोष निघाला आणि ऑगस्टमध्ये ती परत घ्यावी लागली.

पण गिगाहर्ट्‌झ म्हणजे नेमकं काय? विहिरीवरून पाणी आणणारी दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. एकाच्या हातात तांब्या, दुसऱ्याकडे घागर. तांब्यावाला मिनिटाला जास्त खेपा करतो, पण हंडा आधी भरतो घागरवाल्याचा. गिगाहर्ट्‌झ हा खेपांचा आकडा आहे. एका खेपेत पाणी किती येतं, हे तो सांगत नाही.

नोव्हेंबर २०००मध्ये आलेली पेंटियम ४ अशीच भरभर खेपा करणारी होती. तिच्यात प्रत्येक कामाचे २० छोटे टप्पे पाडले होते. टप्पा छोटा, म्हणून घड्याळ जलद. पण पुढे काय करायचं याचा चिपनं बांधलेला अंदाज चुकला, की अर्धवट झालेलं काम टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ॲथलॉनच्या खेपा कमी, पण घागर मोठी.

दुकानात मात्र फलकावर आकडाच दिसायचा. मग एएमडीनं ऑक्टोबर २००१मध्ये वेगळी वाट धरली. ॲथलॉन एक्सपी '१८००+' ही चिप प्रत्यक्षात १.५३ गिगाहर्ट्‌झवर चालायची. तुलना आपल्याच जुन्या ॲथलॉनशी आहे, असं कंपनी सांगायची. गिऱ्हाईक मात्र ती पेंटियम ४शीच करायचं, आणि तसं त्यानं करावं हेच तर हवं होतं. युक्ती नवी नव्हती. १९९६च्या सुमारास सायरिक्स कंपनीची १३३ मेगाहर्ट्‌झची चिप 'पीआर१६६+' या नावानं विकली जात होती.

इंटेलची वाटही पुढे बंद झाली. घड्याळ वाढवावं तशी वीज आणि उष्णता वाढत गेली. ऑक्टोबर २००४मध्ये चार गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४चा बेत रद्द झाला. कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर सभेत गंमतीनं गुडघे टेकून माफी मागितली. २००६ साली आलेली कोअर २ ड्युओ कमी गिगाहर्ट्‌झची होती, आणि तिनं पेंटियम ४ला सहज मागे टाकलं. घागर मोठी करायचा धडा इंटेलनंही गिरवला.

बाजारातला वाटा मात्र नुसत्या वेगावर ठरला नाही. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना सवलती देऊन इंटेलनं एएमडीला बाहेर ठेवलं, असा ठपका ठेवून युरोपीय आयोगानं २००९ साली १०६ कोटी युरोंचा दंड ठोठावला. दंडाचा मोठा भाग पुढे कोर्टात टिकला नाही. पण त्याच वर्षी इंटेलनं एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन आपसातले दावे मिटवले.

आज फलकावर गिगाहर्ट्‌झपेक्षा मॉडेलचा आकडा मोठा असतो. खेळ तोच आहे. एएमडीच्या 'रायझन ५ ७५२०यू' या नावातला '७' नवेपणा सुचवतो, पण आतली रचना आहे २०१९च्या पिढीतली. ते सांगतो तिसरा अंक, '२'. इंटेलनंही जुन्या रचनेच्या चिपना नवी नावं दिलेली आहेत.

तेव्हा पुढच्या खरेदीला आकडा बघून भुलू नका. मॉडेलचं पूर्ण नाव टिपून घ्या, चिप कोणत्या साली आणि कोणत्या रचनेवर आली ते शोधा, आणि तुम्ही जे काम करणार त्याच कामाच्या चाचण्या बघा. घरातल्या मोठ्यांचे कष्टाचे पैसे त्यात जाणार असतात. खेपा मोजू नका, हंडा किती भरला ते बघा.