वाऱ्याची वाट

चिखलदऱ्याच्या पठारावरील एका टोंकाला हरिकेन पॉइंट असें भारदस्त नांव आहे; पण वाऱ्याची करामत पाहण्यास तेथील कोणताही उभा कडा पुरे. समुद्रसपाटीपासून सुमारें ३,६०० फूट उंचीच्या या पठारावर, वऱ्हाडच्या मैदानाकडून आलेला आषाढाचा वारा दरींतून चढतो. त्या वेळीं दरींत भिरकावलेलें पान डोक्यावरून माघारीं येतें. आणि कड्याच्या किंचित् मागचें गवत मात्र कधीं कधीं उलट, दरीकडेच, झुकलेलें दिसतें. तीक्ष्ण धारेवर हवेला एकदम वळतां येत नाहीं. ती जमीन सोडते आणि खालीं भोंवरा फिरूं लागतो.

विमानाच्या पंखावर हेंच घडलें तर प्राणाशींच गांठ. वैमानिकानें नाक फाजील वर केलें कीं हवा पंखाची पाठ सोडते व उचल एकाएकीं घटते. पण पंखाच्या गुळगुळीत पाठीवर कडा कोठें आहे? हें कोडें जर्मनींतील लुडविग प्रांट्ल यांनीं १९०४ सालीं उलगडलें. पृष्ठालगतचा हवेचा पातळ थर घर्षणानें मंदावतो. पुढें दाब वाढत गेला म्हणजे चढावर दमलेल्या बैलासारखा तो थबकतो, मागें सरतो. आणि वरचा प्रवाह पंखापासून दूर लोटला जातो.

याच प्रांट्ल यांच्या हाताखालीं गॉटिंगेन येथें कोल्हापूरकडील हसूरचे विष्णु माधव घाटगे (१९०८–१९९१) यांनीं संशोधन केलें व १९३६ सालीं डॉक्टरेट मिळविली. पुढें बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत १९४२ सालीं विमानविद्येचा विभाग निघाला. तेथें त्यांनीं अध्यापन केलें, आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यांत विमानें आंखलीं.

या विद्येंत वातबोगदा हें मुख्य साधन. त्यांत विमानाची प्रतिकृति स्थिर ठेवून हवाच वाहवितात. पंखावर लोकरीचे धागे चिकटवितात. धागा सरळ असेल तर प्रवाह चिकटलेला, फडफडून उलटा वळला तर सुटलेला. पद्धत पोरखेळासारखी भासते, परंतु धागा खोटें सांगत नाहीं. अडचण निराळीच आहे: लहान प्रतिकृतीवर हवा जेथें सुटते तेथेंच ती मोठ्या पंखावर सुटेल, असें नाहीं. आकार, वेग व हवेचा चिकटपणा यांचें प्रमाण दोहोंकडे जुळावें लागतें, आणि तें क्वचितच पुरतें जुळतें. मग आंकड्यांत किती सूट धरावयाची, हें जाणत्यानेंच ठरवावें.

नवशिक्याच्या विमानांत या निवाड्याची खरी कसोटी लागते, कारण नाक फाजील वर करण्याची चूक तोच अधिक करणार. घाटगे यांच्या नेतृत्वाखालीं आंखलेलें दोन आसनांचें शिकाऊ विमान एचटी-२ हें १९५१ सालीं प्रथम उडालें. पुढें कित्येक वर्षें भारतीय वायुदलाचे वैमानिक त्यावरच पहिले धडे गिरवीत असत.