अंडाशयाची कड आणि संगणक

कागल पंचतारांकित एमआयडीसीत कास्टिंगला व्हर्नियर लावला की माप मिळते, कारण लोखंडाला कड असते. सोनोग्राफीच्या पडद्यावर अंडाशयाला अशी स्पष्ट कड नसते. गोष्ट लहान वाटते. पण आपल्या मुलीबाळींच्या फाईलवर 'पीसीओएस' हा शब्द पडतो की नाही, हे पुष्कळदा त्या कडेवर अवलंबून असते.

सोनोग्राफी म्हणजे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून काढलेले चित्र. अंडाशयातील पाण्याच्या बारीक पिशव्या, ज्यांना डॉक्टर फॉलिकल म्हणतात, त्या प्रतिध्वनी देत नाहीत म्हणून काळ्या दिसतात. बाकी सारे करड्या ठिपक्यांचे. अंडाशय कोठे संपला हे डॉक्टर अनुभवाने ठरवतात.

आम्हा बँकेतल्या माणसांना आकड्यांशिवाय पटत नाही. लांबी, रुंदी व जाडी यांच्या गुणाकाराच्या साधारण निम्मे म्हणजे अंडाशयाचे आकारमान. मोठ्या बाईत ते 10 मिलिलिटरच्या वर गेले तर वाढलेले समजतात. समजा, मापे 3, 2.5 आणि 2.4 सेंटिमीटर; उत्तर 9. प्रत्येक माप अवघे 2 मिलिमीटर जास्त धरा, उत्तर 11 च्या वर! बाई तीच, यंत्र तेच.

येथे संगणक मदतीला येतो. त्याच्या लेखी चित्र म्हणजे आकड्यांचे चौकोन. आधी तो ठिपके पुसट करतो, मग शेजारच्या आकड्यांत एकदम फरक कोठे पडतो ते शोधतो. दुसरी युक्ती 1987 च्या सुमारास निघाली: चित्रावर रबरी कड्यासारखी रेषा टाकायची, ती सरकत सरकत कडेला जाऊन चिकटते. तिला 'स्नेक', म्हणजे साप, असे नाव पडले. सोलापूरशेजारच्या गुलबर्गा विद्यापीठात हिरेमठ व तेगनूर यांनी 2010 मध्ये याच रीतीने फॉलिकल शोधून दाखवले. मात्र कड पुसट असेल तेथे साप बाहेर निसटतो. म्हणून संगणकाची रेषाही डॉक्टरांनी तपासावीच लागते. तपासल्याशिवाय मानू नये, हे धम्माच्या अनुयायांना वेगळे सांगायला नको.

विद्यार्थिनींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार किशोरवयात पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये. त्या वयात निरोगी अंडाशयातही फॉलिकल पुष्कळ असतात. तेव्हा पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरके वाढल्याची लक्षणे किंवा रक्ततपासणी, ही दोन्ही पाहतात. पोटदुखीसारख्या दुसऱ्या कारणासाठी डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली, तर ती अवश्य करावी.