विजेच्या कुकरमध्ये चांगला भात कसा करावा?



आपलं गाव मावळात आहे. इथं पाऊस भरपूर पडतो, म्हणून जिकडंतिकडं भाताची खाचरं आहेत. आमच्या शेतात इंद्रायणी तांदूळ होतो. हे वाण १९८७ साली आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलं, असं गुरुजींनी सांगितलं. त्याचा भात मऊ, थोडा चिकट आणि वासाचा होतो.

यंदा जूनमध्ये माझ्या आजीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "आजी, काही दिवस चुलीपुढं बसायचं नाही, धूर लागू द्यायचा नाही." जुलैत लावणी सुरू झाली. आई-बाबा सकाळी सातलाच खाचरात जायचे. आई भात करून जायची, पण दुपारपर्यंत तो गार आणि कडक व्हायचा. आजीला दात नाहीत. तिला मऊ आणि गरम भात लागतो. मला एकटीला गॅस पेटवायची परवानगी नाही. म्हणून बाबांनी विजेवर चालणारा भाताचा कुकर आणला आणि आई म्हणाली, "शाळेत जाण्याआधी भात लावायचं काम तुझं. आजीपाशी बसून करायचं."

मला वाटलं, यात काय अवघड? तांदूळ घालायचे, पाणी घालायचं, झालं. पण पहिल्या दिवशी मी दोन वाट्या तांदळाला पाच वाट्या पाणी घातलं. झाकणातून पेज उतू गेली आणि भाताचा नुसता गिचका झाला. दुसऱ्या दिवशी तीनच वाट्या घातलं. शितात कणी राहिली. आजीने दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला ठेवलं. ती काही बोलली नाही, पण मला वाईट वाटलं.

मी गुरुजींना विचारलं, "गुरुजी, भात झाला हे कुकरला कसं कळतं?" त्यांनी वर्गात सगळ्यांना समजावून सांगितलं. कुकरच्या तळाशी एक तवा असतो, तो विजेने तापतो. त्याच्या मधोमध एक गोल बटण असतं. ते दाबलं की खाली जातं. भांड्याचा तळ त्याला टेकतो. पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळतं. भांड्यात पाणी आहे तोवर तळ त्याहून फार तापत नाही. तांदळाने पाणी पिऊन टाकलं आणि उरलेल्याची वाफ झाली की तळ लगेच जास्त तापू लागतो. त्या बटणात एक लोहचुंबक आणि एका खास धातूचा तुकडा चिकटलेले असतात. साधारण १०३ अंशाच्या आसपास त्या धातूला चुंबक ओढून धरू शकत नाही. मग स्प्रिंग त्यांना वेगळं करते, दांडी वर येते आणि 'टक्' असा आवाज होतो.

म्हणजे भात शिजला की नाही, हे कुकरला कळतच नाही! पाणी संपलं, एवढंच त्याला कळतं. पाणी कमी घातलं तर तो लवकर टक् करतो आणि भात कच्चा राहतो. पाणी जास्त घातलं तर उशिरा करतो आणि गिचका होतो. म्हणून पाणी किती घालायचं, हे आपणच ठरवायला पाहिजे.

गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. असा आपोआप बंद होणारा कुकर जपानमध्ये तोशिबा कंपनीने १९५५ साली विकायला आणला. तो योशितादा मिनामी नावाच्या गृहस्थांनी बनवला. त्यांच्या पत्नी फुमिको यांनी पुन्हा पुन्हा भात शिजवून मोजमाप केलं. ते ऐकून मीही एक वही केली. रोज तांदूळ किती, पाणी किती, भात कसा झाला, हे लिहू लागले. सात दिवसांनी आमचं माप सापडलं. दोन वाट्या तांदळाला साडेतीन वाट्या पाणी घातलं तर भात मोकळा होतो. चार वाट्या घातलं तर आजीला आवडतो तसा मऊ होतो.

आजीला वाटीची गरज नाही. ती तांदळावर बोटाचं टोक टेकवते आणि पाणी पहिल्या पेराच्या वर थोडं आलं की "बास" म्हणते. मी मोजून बघितलं, जवळजवळ तेवढंच भरलं! आजी म्हणाली, "दिवाळीला नवा तांदूळ येईल, तेव्हा पाणी कमी घाल. नवा तांदूळ पाणी कमी पितो, जुना जास्त पितो." हे कुकरच्या पुस्तिकेत लिहिलेलं नाही.

आता माझी मोठी चूक सांगते. एका सोमवारी मला शाळेची घाई झाली. मी पिन लावली, बटण चालू केलं, पिवळा दिवा लागला. मी दप्तर घेऊन पळाले. पण पिवळा दिवा नुसता भात गरम ठेवायचा असतो. दांडी खाली दाबली की लाल दिवा लागतो आणि तेव्हाच भात शिजतो. मी दांडी दाबलीच नव्हती. संध्याकाळी आले तर तांदूळ कोमट पाण्यात फुगून आंबूस झाले होते. आजीच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. तिला दिवा नीट दिसला नाही. ती दुपारभर टक् ऐकू येईल म्हणून कुकरजवळ बसली होती आणि शेवटी चहात खारी बुडवून खाल्ली. मला रडूच आलं. आजी म्हणाली, "रडू नगं पोरी. मीबी लगीन होऊन आले तवा पहिला भात करपवला व्हता."

तेव्हापासून मी साडेआठला तांदूळ भिजवते, नऊला कुकर लावते आणि टक् ऐकल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

लक्षात ठेवा :

१. तांदूळ दोन पाण्यांनी हलक्या हाताने धुवावेत व अर्धा तास भिजवावेत.

२. भांडं बाहेरून कोरडं पुसून मगच कुकरमध्ये ठेवावं. तव्यावर एक शीत जरी पडलं असेल तरी भांडं नीट टेकत नाही.

३. मध्येच झाकण उघडू नये. वाफ जाते.

४. टक् वाजल्यावर दहा मिनिटं झाकण तसंच ठेवावं. मग लाकडी उलथन्याने भात खालीवर करावा. तळाला खरवड लागत नाही.

५. मध्येच लाईट गेली तर घाबरू नये. आमच्या कुकरची दांडी खालीच राहते. लाईट आली की भात पुढं शिजतो.

६. सकाळचा भात रात्रीपर्यंत कुकरमध्ये गरम ठेवू नये. तो पिवळा आणि कोरडा पडतो.

७. ओल्या हाताने पिन लावू नये. तीन पायांचीच पिन वापरावी. लहान मुलांनी मोठं माणूस जवळ असतानाच कुकर लावावा.

पालकांना विजेच्या बिलाची काळजी असेल. आमच्या कुकरवर ७०० वॅट लिहिलं आहे. तो अर्धा तास चालला तर ३५० वॅट-तास होतात. एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणून एका वेळच्या भाताला एक तृतीयांश युनिटपेक्षा थोडीच जास्त वीज लागते. हे गणित मी स्वतः केलं, गुरुजींनी तपासलं.

आता आजीचा डोळा बरा झाला आहे. पण भात मीच लावते. आजी पेर बुडवून पाणी बघते आणि मी वाटीने मोजते. दोघींचं जुळलं की मगच मी दांडी दाबते.

— इयत्ता ४ थी