एक्स्प्लेनर: गोट्यांसारखा नेम, आजोबांपासून नातीपर्यंत सगळ्यांचा खेळ! काय आहेत बॉची आणि पेतांक? हिंगोलीत कोर्ट करायचे तर काय लागेल?

सार्वजनिक मैदान म्हटले की डोळ्यासमोर येते क्रिकेट. हिंगोलीचे रामलीला मैदान घ्या किंवा वसमत, कळमनुरीतल्या एखाद्या कॉलनीतली मोकळी जागा, संध्याकाळी तिथे पोरांचे स्टम्प रोवलेले असतात. ज्येष्ठ मंडळी कडेच्या कट्ट्यावर, महिला रस्त्याने फेऱ्या मारताना आणि दिव्यांग मुले बहुतेक वेळा घरातच. मैदान सरकारी असले, तरी वापर एकाच वयाच्या मुलांचा.

जगात अनेक गावांनी यावर एक स्वस्त उपाय शोधला आहे. मुरमाची छोटी पट्टी, काही चेंडू आणि नेम. बॉची आणि पेतांक हे दोन खेळ नेमके काय आहेत, समजून घेऊया.

खेळ काय आहे?

लहानपणी गोट्या खेळला असाल, तर निम्मा खेळ तुम्हाला येतोच. आधी एक छोटा चेंडू लांब टाकायचा. हा झाला नेमाचा चेंडू. मग दोन्ही संघांनी आपापले मोठे चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ टाकायचे. ज्याचा चेंडू सर्वात जवळ, तो संघ थांबतो आणि मागे पडलेला संघ खेळतो. दुसऱ्याचा चेंडू टोला मारून उडवायलाही परवानगी आहे.

गुण कसे मोजतात?

सगळे चेंडू टाकून झाले की एकाच संघाला गुण मिळतात. समजा, नेमाच्या चेंडूजवळ तुमचे दोन चेंडू आहेत आणि तिसऱ्या क्रमांकावर समोरच्याचा. तुम्हाला 2 गुण, समोरच्याला शून्य. त्यापलीकडे तुमचा आणखी चेंडू असला तरी तो मोजत नाहीत. पेतांकमध्ये 13 गुण आधी करणारा जिंकतो. अंतरावरून वाद झाला तर टेप काढायचा, विषय संपला.

दोन्ही खेळांत फरक काय?

- बॉची: मूळ इटलीचा खेळ. चेंडू साधारण 107 ते 110 मिलिमीटर व्यासाचे, धातूचे नसतात. प्रत्येक संघाला 4, एकूण 8. कडेला फळ्या लावलेल्या सपाट कोर्टवर चेंडू बहुतेक वेळा घरंगळत सोडतात. स्पेशल ऑलिम्पिक्सचे कोर्ट 60 फूट लांब आणि 12 फूट रुंद असते.
- पेतांक: दक्षिण फ्रान्सचा खेळ. चेंडू पोलादी, आतून पोकळ, 650 ते 800 ग्रॅम वजनाचे. नेमाचा चेंडू लाकडी, जेमतेम 30 मिलिमीटरचा. जमिनीवर आखलेल्या छोट्या वर्तुळात दोन्ही पाय ठेवून 6 ते 10 मीटरवर नेम धरायचा. स्पर्धेची पट्टी 15 बाय 4 मीटरची. साध्या खेळाला 12 बाय 3 मीटरही पुरते.

पाय जमिनीवरच का?

त्यामागे एक दुखणे आहे. मार्सेलीजवळच्या ला सिओता गावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोक पळत येऊन चेंडू फेकण्याचा जुना खेळ खेळत. तिथल्या एका जुन्या खेळाडूला संधिवाताने पळणे अशक्य झाले. त्याला खेळता यावे म्हणून अंतर कमी केले आणि पाय एका जागी रोवून खेळायचे ठरले. 1910 मध्ये तिथे पहिली स्पर्धा झाली. ‘पेतांक’ या नावाचा तिथल्या बोलीतला अर्थच ‘रोवलेले पाय’.

म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसाला खेळात ठेवण्यासाठी नियम बदलले आणि त्यातून नवा खेळ जन्माला आला. आजही वाकता न येणारे खेळाडू दोरीला बांधलेल्या लोहचुंबकाने चेंडू उचलतात.

भारतात कोण खेळते?

पेतांकचे भारतातले घर म्हणजे पुद्दुचेरी. 1954 मध्ये फ्रेंचांची सत्ता गेली, खेळ मात्र तिथेच राहिला. आशियात थायलंडने त्याला सर्वात मोठे केले. तिथे 1970 च्या दशकात राजमाता श्रीनगरिंद्र यांच्या प्रोत्साहनाने तो पसरला आणि पुढे थायलंडच्या महिला जगज्जेत्या झाल्या.

बॉची आपल्याकडे आली ती बौद्धिक दिव्यांग खेळाडूंमुळे. स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संस्था हा खेळ घेते. नोव्हेंबर 2024 मध्ये नवी दिल्लीत बॉची आणि बोलिंगची आशिया-पॅसिफिक स्पर्धाही झाली. या चळवळीतील ‘युनिफाइड’ प्रकारात दिव्यांग आणि इतर खेळाडू एकाच संघात खेळतात. बॉचीत पळणे नाही, धक्काबुक्की नाही. त्यामुळे हे सहज जमते.

याच कुळातला बॉचिया हा खेळ 1984 पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. तो व्हीलचेअरवर बसून, चामडी चेंडूंनी खेळतात. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकलेला लॉन बॉल्सही याच घराण्यातला. फक्त त्याला जपलेली हिरवळ लागते, पेतांकला मुरूम चालतो.

हिंगोलीत कोर्ट करायचे तर?

पेतांकची पूर्ण पट्टी 60 चौरस मीटरची. कबड्डीचे मैदान 13 बाय 10, म्हणजे 130 चौरस मीटर. म्हणजे पेतांकच्या दोन पट्ट्यांचे क्षेत्रफळही एका कबड्डी मैदानापेक्षा कमी भरते, फक्त जागेची लांबी 15 मीटर हवी.

खरी अडचण आपल्या काळ्या मातीची. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर नुसता मुरूम पसरला, तर एका पावसाळ्यात कोर्ट उखडेल. म्हणून क्रम असा हवा:

1. वरची काळी माती काढा.
2. तळाला खडीचा थर द्या, पाणी निघायला हलका उतार ठेवा.
3. वर 10 सेंटिमीटर मुरूम टाकून पाणी मारून दाबा. 60 चौरस मीटरला 6 घनमीटर, म्हणजे 2 ब्रासपेक्षा थोडा जास्त मुरूम लागतो. दबाई धरून अडीच ते तीन ब्रास मागवा.
4. सर्वात वर बारीक कच, कडेला लाकडी फळ्या.
5. एका बाजूला पायरीऐवजी रॅम्प. नाहीतर व्हीलचेअर बाहेरच राहील.

पेतांकला थोडे खडबडीत मैदान चालते. बॉचीसाठी मात्र पृष्ठभाग सपाट लागतो. लहान मुले खेळणार असतील, तर आधी बॉचीच घ्या. पाऊण किलोचा पोलादी गोळा पायावर पडला तर हाड मोडू शकते. हेच गोळे मे महिन्याच्या उन्हात हाताला चटका देतात, त्यामुळे वेळ सकाळ-संध्याकाळचीच. चेंडूंची पेटी कुलूपबंद हवी आणि किल्ली कोणाकडे राहणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

जागा आणि पैसा कुठून?

शहरात मोठ्या मंजूर लेआउटमध्ये किमान 10 टक्के ‘ओपन स्पेस’ सोडावी लागते. तुमच्या कॉलनीची ओपन स्पेस नकाशावर कुठे आहे, हे नगरपालिकेत पाहता येते. आज तिथे बाभळी किंवा कचरा असेल, तर वापर सुरू होणे हाच अतिक्रमणावरचा चांगला उपाय.

स्थानिक स्वराज्य संस्थांना दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी राखून ठेवावा लागतो. तसेच दिव्यांग व्यक्तींचा खेळातील सहभाग ही सरकारची जबाबदारी असल्याचे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. कोर्टची मागणी करताना या दोन्ही गोष्टींचा अर्जात उल्लेख करा.

गावात हा विषय मांडण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. ती 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला भरते. यातला 1 मे हा हिंगोली जिल्ह्याचा स्थापना दिवसही आहे. अर्जासोबत जागेचे माप, मुरमाचा हिशोब आणि रोज खेळायला येणाऱ्यांची यादी जोडा. त्या यादीत आजी, आजोबा आणि घरात बसून राहणाऱ्या मुलांची नावे आधी लिहा.