एक तार, अनेक आवाज

तारेच्या स्वराची वारंवारिता तिची लांबी, तिच्यावरील ताण आणि एकक लांबीचे वस्तुमान यांवर अवलंबून असते, असे आपण वर्गात शिकवतो. आता बोटांनी गिटार वाजवणारा एखादा वादक पाहा. तार तीच, ताण तोच, लांबीही तीच. तरी तो कधी गोल, मऊ आवाज काढतो, तर कधी धारदार. स्वर बदललेला नाही. मग बदलले काय?

या पद्धतीत नखी वापरून सगळ्या तारा एकदम छेडत नाहीत. साधारणपणे जाड तीन तारा अंगठ्याकडे आणि बारीक तीन तारा तर्जनी, मध्यमा व अनामिका यांच्याकडे असतात. त्यामुळे एकच वादक खर्जाची साथ आणि वरची धून दोन्ही वाजवू शकतो. हे दोन आवाज कानाला वेगळे कळायचे, तर त्यांच्या पोतात फरक हवा. तो कसा येतो?

बारीक तारेकडून मोजल्यास पाचवी तार ११० हर्ट्‌झला जुळवलेली असते. ती छेडली की अख्खी तार ११० हर्ट्‌झने कंप पावते. शिवाय ती त्याच वेळी दोन, तीन, चार अशा समान भागांतही कंप पावते. म्हणून ११० बरोबर २२०, ३३०, ४४० हर्ट्‌झचे संनादी स्वरही निघतात. या मिश्रणाचे प्रमाण म्हणजेच आवाजाचा पोत.

हे प्रमाण तार कोठे छेडली यावर ठरते. ज्या संनादीचा निस्पंद बिंदू छेडण्याच्या जागी येतो, तो उमटत नाही. हा नियम थॉमस यंग यांनी १८०० मध्ये मांडला. तार बरोबर मध्ये छेडली तर २२०, ४४० हे सम संनादी गळतात आणि आवाज मऊ येतो. घोडीजवळ छेडली तर मूलस्वराच्या तुलनेत वरचे संनादी जोरदार उरतात आणि आवाज धारदार होतो. बोटाच्या मांसल भागाने तारेला गोलसर बाक येतो, तर नखाने टोकदार. त्यामुळे नखाच्या आवाजात वरचे संनादी अधिक असतात. अनेक वादक नखे निगुतीने राखतात ती यासाठी.

पुढील प्रयोग वर्गात करता येईल.

१. मोकळी पाचवी तार घोडीजवळ छेडा आणि लगेच बाराव्या पडद्याच्या बरोबर वर, म्हणजे तारेच्या मध्यावर, न दाबता बोट टेकवा. एक सप्तक वरचा, २२० हर्ट्‌झचा स्वर घुमत राहील.

२. आता तार बरोबर मध्यावर छेडा आणि तेथेच बोट टेकवा. आवाज जवळजवळ बंद पडेल. बोटाने विषम संनादी थांबवले. सम संनादी तर मुळात उमटलेच नव्हते!

गिटार नसेल, तर स्वरमापीवर हेच करून पाहावे.

शिकणाऱ्याचे लक्ष बहुधा पडदे दाबणाऱ्या डाव्या हाताकडे असते. पण पोत उजव्या हातात आहे. आधी केवळ अंगठ्याने दोन जाड तारा आलटून पालटून, सावकाश, समान लयीत छेडाव्यात. बोलता बोलता लय टिकू लागली, की अंगठ्याच्या ठोक्यावर धुनेचा एक स्वर घालावा. नंतर दोन ठोक्यांच्या मध्ये. अमेरिकेतील मर्ल ट्रॅव्हिस यांच्या नावाने ओळखली जाणारी शैली अशाच अंगठ्याच्या लयीवर उभी आहे. मात्र अंगठ्यालाच खर्ज हवा असेही नाही. डावखुऱ्या एलिझाबेथ कॉटन उजव्या हाताची गिटार उलटी धरत. त्यांची बोटे खर्ज वाजवत आणि अंगठा धून.

शेवटी एक कोडे. हाच प्रयोग तंबोऱ्यावर केला तर? ज्या संनादीच्या निस्पंद बिंदूवर तार छेडली, तोही तेथे ऐकू येतो, असे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित बाकदार असते. कंप पावताना तार तिला वारंवार स्पर्श करते आणि गळलेले संनादी पुन्हा जागे होतात. गिटारच्या घोडीची धार अरुंद असते. मुलांना दोन्ही घोड्या बोटाने चाचपून पाहायला सांगा. उत्तराची सुरुवात तेथेच आहे.